टपालानें येणारें मत

मताचा अधिकार कायद्याच्या पुस्तकांत असणें निराळें आणि तो प्रत्यक्ष बजावतां येणें निराळें. अमेरिकेंतील वादाचें मर्म हेंच आहे.

टपालानें मत देण्याची चाल तेथें नवी नाहीं. यादवी युद्धाच्या काळीं, १८६४ सालीं, कित्येक सैनिकांनीं छावणींतून मतें दिलीं. ऑरेगॉन राज्यानें तर २००० सालची अध्यक्षीय निवडणूक सर्वस्वीं टपालानेंच पार पाडली.

वर्णभेदामुळें जेथें मत नाकारलें जाई, तेथील निवडणूक-नियमांतील फेरबदलांस १९६५ च्या कायद्यान्वयें केंद्राची पूर्वसंमति लागे. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें ही तरतूद निष्प्रभ झाली.

पुढें २०२१ सालीं टेक्सास राज्यानें टपाली लिफाफ्यावर ओळखीचा क्रमांक लिहिणें सक्तीचें केलें. हेतु लबाडी रोखण्याचा, असें सांगण्यांत आलें. परंतु मार्च २०२२ मध्यें, पक्षांच्या उमेदवार-निवडीच्या मतदानांत, सुमारें १२ टक्के टपाली मतें बाद झालीं. बहुतेक ह्याच अटीपायीं. तेथें ही सवलत मुख्यतः पासष्टी गांठलेल्या वृद्धांस व अपंगांस आहे. फटका बसला तो त्यांनाच.

लबाडीस आळा घालावा, हें कोण नाकारील? पण सूप असें पाखडूं नये, कीं कोंड्याबरोबर दाणेहि उडून जावेत. नवी अट घालण्यापूर्वीं तिनें लबाड किती अडतील आणि प्रामाणिक किती, हा हिशेब विधिमंडळानें लोकांपुढें मांडलाच पाहिजे. आणि तो मागण्याचें काम मतदारांचें आहे.