दुकानदारांचे पैसे

मंडळी, माझ्या हातातला हा पैसा पाहा. मधोमध केवढे भोक आहे! हा 1943 सालचा. तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. बाजारात मोड मिळेना. मग सरकारने धातू वाचवण्यासाठी हा भोकाचा पैसा काढला. जुन्या घरांत तो अजून सापडतो.

पण सरकारी पैसा पुरलाच नाही, तर लोकांनी काय करावे? अमेरिकेत 1862 साली असाच प्रसंग आला. तिथे उत्तरेची आणि दक्षिणेची राज्ये आपसांत लढत होती. धास्तीने लोकांनी सोन्याचांदीची नाणी दडवून ठेवली. सेंट म्हणजे तिथला पैसा. पुढे तोही दिसेना. लोक मोड म्हणून टपालाची तिकिटे देऊ लागले. पण ती घामाने हाताला चिकटत.

शेवटी दुकानदारांनीच सेंटाएवढे तांब्याचे बिल्ले पाडले. एका बाजूला दुकानाचे नाव, धंदा आणि गाव. दुसऱ्या बाजूला झेंडा किंवा मुखवटा. असे अंदाजे अडीच कोटी बिल्ले निघाले.

काहींवर ‘एक सेंट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे. पण जवळच बारीक अक्षरांत ‘नाही’ असाही शब्द असे! खोटे नाणे पाडल्याचा आळ येऊ नये, म्हणून ही युक्ती. ज्याला वाचता येई, त्यालाच ती कळे.

न्यूयॉर्क शहरात लिंडनम्यूलर नावाचा एक गुत्तेवाला होता. त्याने दहा लाखांच्या वर बिल्ले पाडले. तिथे घोड्यांच्या ट्रामगाड्या चालत. लोक भाड्यापोटी हेच बिल्ले देत. ट्राम कंपनीकडे त्यांचा ढीग जमला. कंपनीने त्याला म्हटले, “हे परत घ्या, खरे पैसे द्या.” तो हसला आणि साफ नाही म्हणाला. कंपनीचे काही चालले नाही. बिल्ल्यामागे फक्त त्याचा शब्द होता. शब्द फिरला, तसा बिल्ला म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा झाला.

1864 साली तिथल्या सरकारने कायदा करून खाजगी नाणी बंद केली. आता हौशी लोक ते बिल्ले जमवतात. कोणत्या गावात कोणते दुकान होते, ते त्यांवरून कळते.

मंडळी, आपल्याकडेही मोड नसली की कोणी चिठ्ठी लिहून देतो. माणूस ओळखीचा असेल, तर जरूर घ्या. पण खिशात घालण्याआधी वाचा. आता तुम्हाला वाचता येते. बारीक अक्षर तर सगळ्यांत आधी वाचा.