वयाला बोल लावू नका



"आता वय झालं, अंग सुटणारच." चाळिशी ओलांडली की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते खरं मानू नका, हेच आज सांगायचं आहे.

2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात 29 देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचं आकारमान आणि स्नायूंचं प्रमाण लक्षात घेतलं, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळजवळ सारखाच राहतो, असं त्यात दिसलं. मग चाळिशीत पोट सुटतं ते कशानं? हालचाल कमी होते. चौकातल्या किराणा दुकानातही आपण गाडीनं जातो, आणि ताटातलं जेवण तेवढंच राहतं. वापर नसला की स्नायू झिजतात. ते झिजले की बसल्याजागी होणारा खर्चही घटतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतकं भरभर चालायचं. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना काम द्यायचं, आणि हेच आपण विसरतो. हात न टेकता खुर्चीवरून उठबस करा, भिंतीला हात लावून जोर काढा, जिना चढा.

आपल्या नागपुरात खरी अडचण उन्हाळ्याची. हिवाळ्यात अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स सकाळी फिरणाऱ्यांनी गजबजतात. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की चालणं सुटतं, ते पुन्हा लवकर सुरू होत नाही. म्हणून उन्हाळ्यात पहाटेच निघा, नाहीतर घरातच आसनं करा. त्याला एका सतरंजीची जागा पुरते. इथल्याच रामनगरात जनार्दनस्वामींनी 1951 साली योगाभ्यासी मंडळ स्थापन केलं आणि योग विनामूल्य शिकवला, तो सर्वांना करता यावा म्हणूनच.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटी मुला-सुनांना एक विनंती. "आई, तुम्ही बसा, आम्ही करतो," असं आपण मायेनंच म्हणतो. पण बसून राहिल्यानं घरातल्या वडीलधाऱ्यांची ताकद जाते. झेपतील ती कामं त्यांना करू द्या, आणि उद्या सकाळी फिरायला निघाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या.