फाटक्या पुस्तकाची आत्मकथा

गेल्या दिवाळीत कामशेतची भाची लोणावळ्याला आमच्याकडे आली, ती रडकुंडीलाच. "मावशी, मी कोण ते ६५० शब्दांत कसं सांगू?" अमेरिकेतल्या कॉलेजांच्या 'कॉमन अ‍ॅप' अर्जातला निबंध! आपल्याकडे अकरावीला दहावीचे गुण पुरतात. शाळेत आत्मकथा लिहायची तीही फाटक्या पुस्तकाची. मीच तीस वर्षं लिहून घेतली.

तिनं लोहगडावर नेतृत्वगुण गवसल्याचं लिहिलं होतं. प्रत्यक्षात तिथं पाय मुरगळला होता. तो कागद फाडला. मग आजीचं खाचर आलं, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं इंद्रायणी भात आलं आणि मैत्रिणींदेखत लावणीला उतरायची लाजही.

निबंध गेला. आजीला तो मराठीत वाचून दाखवायचा की नाही, यावर आमचं अजून ठरत नाही.