चिकटपट्टी लावू नये

लिलावात जुन्या कॉमिकची किंमत तीन गोष्टींवर ठरते : अंक कोणता, छपाई पहिली की नंतरची आणि प्रत कशी राहिली आहे. पहिल्या दोन गोष्टी मालकाच्या हातात नसतात. तिसरी असते, आणि नेमकी तिचीच मराठी घरांत मायेपोटी नासाडी होते.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च 1964 मध्ये सुरू झाले आणि 1990 मध्ये बंद पडले. वेताळ आणि मँड्रेक सर्वांच्या परिचयाचे. आबिद सुरतींचा बहादुर, डाकूचा मुलगा असून डाकूंच्याच पाठी लागलेला, तो तर चंबळच्या मुलखात घरचाच वाटावा असा. या मालेचे सुरुवातीचे अंक संग्राहक आजही शोधत असतात. अमर चित्र कथेचे तसे नाही. अनंत पै यांनी 1967 मध्ये उभी केलेली ही माला पुन्हापुन्हा छापली गेली, त्यामुळे घरातला ‘कृष्ण’ जुना दिसला तरी पहिल्या छपाईचा असेलच असे नाही. छापील किंमत आणि इतर अंकांची यादी पाहावी. यादीत बरेच नंतरचे अंक असतील, तर प्रतही नंतरची.

आता प्रतीची अवस्था. लिलावातला खरेदीदार हा बोहारणीसारखा असतो. बोहारीण साडी उजेडात धरते, काठ चाचपते, निरीवरचा कसर लागलेला भाग बरोबर शोधते. ही साडी आजीच्या लग्नातली, हे ती ऐकून घेते आणि पातेले मात्र लहानच काढते. रफू दिसले की आणखी लहान. कॉमिकचे रफू म्हणजे चिकटपट्टी. पट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. फाटलेले पान फाटलेले म्हणून विकले जाते. पट्टी लावलेले पान फाटलेलेही ठरते आणि डागाळलेलेही.

दुसरा लाडका उद्योग बाइंडिंगचा. वर्षाचे अंक एकत्र शिवले, तीन बाजूंनी यंत्रावर कापले, वर रेक्झिन चढवले की कपाट छान दिसते. पण कापलेली कड परत येत नाही, आणि तो गठ्ठा लिलावात वाचण्याची पुस्तके म्हणूनच जातो. लॅमिनेशनचेही तेच.

ग्वाल्हेरात बिर्लानगरच्या लाइनींतल्या क्वार्टरांत किंवा हजिऱ्याच्या घरांत अंक बहुधा पत्र्याच्या ट्रंकेत असतात. मे महिन्यात ती ट्रंक भट्टीसारखी तापते. वर्तमानपत्री कागद आम्लधर्मी. उष्णतेने तो कुरकुरीत होतो, आणि पावसाळ्यात पिना गंजतात. अंक आडवे, सावलीत, आम्लरहित पुठ्ठ्यावर ठेवावेत. आणि, पुन्हा, चिकटपट्टी नको.

परदेशात अवस्थेला दहापैकी गुण देण्याची पद्धत आहे. 1938 मध्ये दहा सेंटला मिळणारा, सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो अंक 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला. त्या प्रतीला 8.5 गुण होते. दुरुस्त केलेल्या प्रतीची तिथे वेगळी नोंद होते आणि भाव उतरतो.

मूळ चित्राचा हिशेब निराळा, कारण ते एकच असते. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांची कॉमिक्सची पाने किंवा दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे छापील प्रतीसारखी गुळगुळीत नसतात. पेन्सिलीच्या पुसट रेषा, चूक झाकायला लावलेला पांढरा रंग, समासातली संपादकाची सूचना, हेच खरेपण ओळखण्याचे पुरावे. हौसेने फ्रेम करताना तोच समास कापून टाकणारे लोक आहेत. त्यांना काय म्हणावे! ‘टिनटिन’कार एर्जेने 1936 मध्ये ‘ब्लू लोटस’साठी रंगवलेले मुखपृष्ठ घडी घालून ठेवलेले होते. घड्या स्पष्ट दिसतात. तरी 2021 मध्ये पॅरिसला त्याला सुमारे 32 लाख युरो आले. घडी चालली. पट्टीही चालली असती, असे मात्र समजू नये.

विक्रीची रीत थोडक्यात. लिलावगृह अंदाजित किंमत छापते. विकणाऱ्याने राखीव किंमत आधी लेखी ठरवून घ्यावी. हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराला अधिभार द्यावा लागतो, तो धरूनच बोली लावावी. चित्र विकत घेतले म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 53 अ प्रमाणे मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकार किंवा त्याचे वारस वाट्यावर हक्क सांगू शकतात. पण चित्रकार कॉपीराइटचा पहिला मालक असावा लागतो, आणि प्रकाशकाच्या नोकरीत काढलेल्या चित्रांचे काय, हा मोठा विषय आहे. त्याला आज वेळ नाही.

ज्यांच्या ट्रंकेत असे अंक आहेत त्यांनी कबाड्याला हाक मारण्याआधी ते एकदा नीट पाहावेत. सुटलेले पान अंकातच सैल ठेवावे, आणि मुलांच्या हातून चिकटपट्टी आधी काढून घ्यावी.