रक्ताचा नमुना दिला, आता अहवालही मागा

(धान उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात एका विकृतीशास्त्र तज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी धानावरील करपा आणि कडाकरपा या रोगांची माहिती दिली. ते वनस्पतींचे रोगशास्त्र शिकवतात, मी माणसाचे विकृतीशास्त्र शिकलो. काम मात्र दोघांचे एकच. नमुना घ्यायचा, तो प्रयोगशाळेत तपासायचा आणि रोग कोणता ते सांगायचे. आज मी तुमच्या बांधीतील नव्हे, तर तुमच्या घरातील एका विकाराविषयी बोलणार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याचे नाव सिकलसेल.

पदव्युत्तर शिक्षण घेताना प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो. माझ्या प्रबंधासाठी मी जंगलपट्ट्यातील गावांत फिरून रक्ताचे नमुने घेत होतो. एका गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात पुढे केला आणि विचारले, "बाबू, मागल्या सालीबी रगत नेलं होतं तुमच्यासारख्यानं. त्याचं का झालं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. नमुना गेला, प्रबंध झाला, कोणाला पदवी मिळाली. अहवाल मात्र त्या घरी पोहोचलाच नव्हता. आजचे माझे सगळे बोलणे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

वेगळे दिसले ते वेगळे ठेवले

संशोधन म्हणजे मोठ्या इमारतीत चालणारे काहीतरी अवघड काम, असे आपल्याला वाटते. आपल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली धानाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या काढल्या, निराळ्या पेरल्या आणि त्यातून एचएमटी हा वाण उभा राहिला. वेगळे दिसले ते नजरेआड न करणे, ही संशोधनाची पहिली पायरी आहे.

सिकलसेलची गोष्टही अशीच सुरू झाली. १९०४ साली अमेरिकेत शिकागो येथे ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा एक विद्यार्थी आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निरोगी तांबड्या पेशी गोल आणि मध्ये किंचित दबलेल्या असतात. येथे काही पेशी लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या होत्या. त्याने त्या आपले वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांना दाखवल्या. हेरिक यांनी १९१० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. त्यावरूनच पुढे सिकलसेल हे नाव पडले.

पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेत हार्वी इटानो या विद्यार्थ्याने, तो डॉक्टर होऊन पीएच.डी.चे काम करीत होता, विजेच्या प्रवाहात रक्तातील रंगद्रव्य वेगवेगळे करून पाहिले. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन एका गतीने सरकले, रुग्णाचे वेगळ्या गतीने आणि रुग्णाच्या आई-वडिलांसारख्या वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार मिळाले. रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे यातून सिद्ध झाले. त्यानंतर व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये नेमका दोष शोधला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी ओवलेले असतात असे समजा. त्यांतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. एवढ्याने पेशी विळ्यासारखी होते.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या मध्य भारताविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे आपल्या भागातील रक्ताविषयी जगाला कळून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या घरात मात्र ते अजून पुरते पोहोचलेले नाही.

विकार नेमका काय आहे?

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल रुग्णाची पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. बोडीच्या पाटात काडीकचरा अडकला की पुढच्या बांधीला पाणी मिळत नाही, तसे पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. मग हाडे, सांधे, छाती, पोट असह्य दुखते. लहान मुलात सहा महिन्यांच्या वयानंतर हातापायांची बोटे सुजणे ही बहुधा पहिली खूण असते.

हा विकार लागट नाही. एका ताटात जेवल्याने, एकत्र राहिल्याने तो होत नाही. तो कोणाच्या पापाचा किंवा करणीचा परिणामही नाही. आई आणि वडील अशा दोघांकडून दोषी गुण आला तरच मूल रुग्ण होते. म्हणून घरातील सुनेला बोल लावणे पूर्णपणे चुकीचे आहे.

ज्याला एकाच पालकाकडून हा गुण मिळतो तो वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो नांगर धरतो, रोवणी करतो, सर्वसाधारण आयुष्य जगतो. आपल्या राज्यातील वेगवेगळ्या समाजांत वाहकांचे प्रमाण अगदी नगण्यापासून काही ठिकाणी ३५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. आदिवासी समाजात ते आहे, इतर समाजांतही आहे. हा गुण आपल्यात टिकला त्याला कारण आहे हिवताप. वाहकाला घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले. जंगल आणि हिवताप जेथे पिढ्यान्पिढ्या सोबत राहिले, तेथे हा गुणही राहिला. रुग्णाला मात्र हे संरक्षण मिळत नाही. उलट त्याला हिवताप झाला तर जिवावर बेतते.

अहवाल वाचायला शिका

आता माझ्या अनुभवातली चूक सांगतो. शिकत असताना एका प्रयोगशाळेतून गेलेल्या अहवालावर फक्त "सिकलिंग पॉझिटिव्ह" एवढेच लिहिलेले होते. तो एका मुलीचा अहवाल होता. तिची सोयरीक जुळली होती. कागद पाहून मुलाकडच्यांनी मुलगी आजारी आहे असे म्हणून लग्न मोडले. पुढे पक्की तपासणी झाली तेव्हा ती केवळ वाहक निघाली. मुलाचे रक्त तर कोणी तपासलेच नव्हते. एक अर्धवट ओळ एका घराला किती महागात पडते ते तेव्हा कळले.

म्हणून चाचण्यांतला फरक लक्षात ठेवावा.

१) काचपट्टीवरील सिकलिंग चाचणी आणि सोल्युबिलिटी चाचणी या प्राथमिक चाचण्या आहेत. दुसऱ्या चाचणीत रक्त टाकलेले द्रावण गढूळ होते व नळीमागील रेघा दिसेनाशा होतात. पण वाहक असो की रुग्ण, दोघांच्याही बाबतीत या चाचण्या पॉझिटिव्ह येतात. दोघांतला फरक त्या सांगत नाहीत.

२) इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की चाचणी होय. त्यावर "एए" म्हणजे सामान्य, "एएस" म्हणजे वाहक आणि "एसएस" म्हणजे रुग्ण असे समजावे. एचपीएलसीने थॅलेसेमियाचा वाहकही ओळखता येतो. तो प्राथमिक चाचणीत सुटतो आणि सिकलसेल वाहकाशी त्याचे लग्न झाल्यास मूल आजारी होऊ शकते.

३) सहा महिन्यांच्या आतील बाळात प्राथमिक चाचणीवर विसंबू नये. मागील तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असेल तर तेही आधी सांगावे. शेणखताच्या ढिगाजवळची माती घेतली तर माती परीक्षणाचा अहवाल चुकतो, तसेच येथेही होते.

बियाण्याचा हिशेब

मृगाआधी आपण गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो. लग्नाआधी रक्त तपासणे त्याहून सोपे आहे. हिशेब असा आहे :

वाहक आणि सामान्य यांचे लग्न झाले तर एकही मूल रुग्ण होत नाही. निम्मी मुले वाहक होण्याची शक्यता असते.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, दोन वाहकाची आणि एक सामान्य मुलाची असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन चांगली होतील, असे समजू नये. दर वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

रुग्ण आणि वाहक यांच्या लग्नात प्रत्येक वेळी निम्मी शक्यता रुग्ण मुलाची असते. रुग्ण आणि सामान्य यांची सर्व मुले वाहक होतात.

तेव्हा वाहकाने लग्न करू नये असे मुळीच नाही. दोन वाहकांनी एकमेकांशी करणे टाळावे, एवढेच. लग्न आधीच झाले असेल तर गरोदरपण कळताच डॉक्टरांना सांगावे. पहिल्या काही महिन्यांत गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रात होऊ शकते.

घरात रुग्ण असेल तर

- पाणी भरपूर पाजावे. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना उन्हात शरीरातील पाणी आटते आणि दुखणे उसळते. रुग्णाला अशा कामावर पाठवू नये. जावेच लागले तर पहाटेचे काम द्यावे व पाण्याची बाटली सोबत द्यावी.
- रोवणीच्या दिवसांत तासन्तास गार पाण्यात भिजत उभे राहिल्यानेही त्रास वाढतो. त्याला धुऱ्यावरचे, कोरडे काम द्यावे.
- फोलिक अ‍ॅसिडची गोळी नियमित द्यावी. लोहाच्या गोळ्या मात्र रुग्णाला डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात.
- हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात, हे १९९५ साली सिद्ध झाले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करीतच घ्यावे. मूल होऊ द्यायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे.
- लहान रुग्णांना लसी वेळेवर द्याव्यात. पेनिसिलीन द्यायचे की नाही हे डॉक्टरांना विचारावे.
- ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पांढरे पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताप असल्यास हिवतापाची तपासणी लगेच करावी.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णाने प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी.

संशोधन करणाऱ्याला काय विचारावे?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याआधी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, हिमोग्लोबिनच्या विकारांवरील संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण यांचे चंद्रपूर येथील केंद्र राष्ट्राला अर्पण करण्यात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे हे केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. जी तपासणी पूर्वी दूरच्या शहरांत होत असे, तिचे काम जवळ आले.

म्हणजे तुमच्या गावात रक्त घ्यायला आणखी विद्यार्थी येतील. त्यांना हाकलू नका. त्यांच्या प्रबंधातूनच आपल्या भागातील रुग्णांना कोणता त्रास अधिक होतो, कोणते औषध किती मात्रेत पुरते, हे कळणार आहे. परंतु चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. रक्त कशासाठी घेता? चाचणी कोणती करणार? संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आहे का? आणि अहवाल कधी व कोणाच्या हाती मिळेल? संमतीच्या कागदावर वाचल्याशिवाय किंवा वाचून घेतल्याशिवाय सही अथवा अंगठा करू नये. नको वाटल्यास नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्याने तुमचे औषध बंद होत नाही. अहवाल हा तुमचा आहे. तो चावडीवर वाचून दाखवण्याची वस्तू नव्हे.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गावी मी पुन्हा गेलो. प्रत्येक घरी बंद पाकिटात अहवाल दिला आणि समजावून सांगितला. त्यांच्या नातवाचा अहवाल "एएस" होता. म्हाताऱ्यांनी तो कागद सात-बाराच्या उताऱ्यासोबत ट्रंकेत ठेवला. मला वाटते, तीच त्याची योग्य जागा आहे.

मळणी झाली की आपल्याकडे सोयरिकींची बोलणी सुरू होतात. यंदा पाहुणे येण्याआधी घरातील लग्नाच्या मुला-मुलींचे रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तर पक्की चाचणी मागा आणि तो कागद जपून ठेवा. एवढे केलेत तर पुढच्या पिढीतील एखादे लेकरू रात्रभर हाडे धरून रडणार नाही.