लहान मुलांचा कर्करोग : औषध आहे, मग मुले का जातात?

(उत्सवाच्या चौथ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी कोणी डॉक्टर किंवा प्राध्यापक बोलतात. यंदा समितीने एका डिप्लोमावाल्या पी-वे इंजिनिअरला उभे केले आहे. तेव्हा कृपा करून औषधांच्या मात्रा मला विचारू नका. उत्सवात असा विषय कशाला, असेही काहींनी विचारले. विषय गंभीर आहे खरा, पण त्यात करण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून घेतला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. गंमत अशी की यातली बरीचशी औषधे जुनी आहेत. रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात ते मेथोट्रेक्सेट ज्या चमूने तयार केले, त्यात आपल्या आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे?

आफ्रिकेचे उदाहरण घ्या. युगांडात कंपाला येथील मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन होते. १९५७ साली जबडे सुजलेले एक मूल त्यांनी पाहिले, मग तशीच आणखी मुले सापडत गेली. शस्त्रक्रियेने भागेना. हा रोग नेमका कुठे होतो ते पाहण्यासाठी १९६१ साली दोन सहकाऱ्यांना घेऊन ते एका जुन्या फोर्ड गाडीतून सुमारे १६,००० किलोमीटर हिंडले, दवाखान्यांतून फोटो दाखवत विचारत गेले. साध्या नकाशावर खुणा केल्या, तर तो पट्टा पाऊस आणि उष्णतेचा, मलेरियाचा निघाला. आमच्या खात्यात याला फूट-प्लेट इन्स्पेक्शन म्हटले असते! ही गाठ औषधांनी झपाट्याने विरघळते, हेही तिथेच दिसले. पुढे मलावीतल्या ब्लँटायरच्या डॉक्टरांनी स्वस्तातल्या सायक्लोफॉस्फमाइडवर मुख्य भर देऊन, परवडेल एवढ्याच जोराचे उपचार केले आणि जवळपास निम्मी मुले वाचवली. जोरदार औषध दिले की शरीरातल्या पांढऱ्या पेशी घटतात, आणि चांगली प्रतिजैविके, रक्त, परिचारिका हाताशी नसतील तर मूल कर्करोगाऐवजी जंतुसंसर्गाने जाते. म्हणून श्रीमंत देशाचा कागद जसाच्या तसा उचलून चालत नाही. जेवढी गाडी, तेवढाच लोड.

भारतातही असेच झाले. १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचे एम्स यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर मुलांच्या ल्युकेमियासाठी एमसीपी ८४१ नावाची एक ठरावीक उपचारपद्धती सुरू केली. आधी शंभरातली वीसेक मुले वाचत. ती संख्या चाळीस ते साठच्या घरात गेली.

आता मला जे जवळून दिसले ते सांगतो. माझ्या गँगमधल्या एका ट्रॅकमनचा पुतण्या, सहा वर्षांचा. पुतण्या असल्याने रेल्वेचे मेडिकल कार्ड नाही. ताप, फिकट चेहरा, पाय दुखतात म्हणून रडणे. गावाकडे दीड महिना टायफॉइडचे औषध चालले. शेवटी रक्त तपासले तेव्हा ल्युकेमिया निघाला. इथे उपचार सुरू झाले. महिन्याभरात पोरगे हसायला-खेळायला लागले, रिपोर्टही साफ आला. त्याच आठवड्यात ट्रॅकमन माझ्याकडे आला, "साहेब, बच्चा तो ठीक हो गया. रोपनी का टाइम है, भैया गाँव जा रहे हैं."

खरा धोका इथे आहे. मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितले. रूळ वरून चकचकीत दिसतो, तरी आपण अल्ट्रासोनिक मशीन फिरवतो ना? आत केसाएवढी चीर असली तरी एक दिवस रूळ तुटतो. पहिल्या महिन्यानंतर रोगाच्या पेशी साध्या तपासणीत दिसत नाहीत, पण असतात. म्हणून पाठीच्या कण्यातून औषध, म्हणून रोजच्या गोळ्या, आणि सगळे मिळून दोन-अडीच वर्षे. त्याला पटले. त्याच्या भावाला पटवायला तीन रविवार गेले, कारण त्याची अडचण समजुतीची नव्हतीच. दोन बिघे भात कोण लावणार, घरी दुसरे मूल कोणाजवळ राहणार, शहरात खोलीचे भाडे कुठून आणणार, हे त्याचे प्रश्न होते. अखेर रोपणी चुलत्याने रजा काढून केली. मुलगा आज गोळ्यांच्या टप्प्यात आहे.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात २००९ साली शंभरातली जवळपास वीस मुले उपचार नाकारत किंवा मध्येच सोडत. राहणे, जेवण, समुपदेशन, फोन करून पाठपुरावा यांची नीट व्यवस्था लावल्यावर ते प्रमाण पाचाच्या आसपास आले. औषध तेच होते!

आपल्या लहरतारा येथील कर्करोग रुग्णालय पूर्वी रेल्वेचेच. २०१८ पासून ते टाटा स्मारक केंद्राकडे, होमी भाभा यांच्या नावाने आहे. तिथे बिहारपासूनची कुटुंबे येतात. त्यांतल्या अनेकांना आपल्याच खात्याची सवलत ठाऊक नसते. रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. बुकिंग क्लार्क बंधूंनो, कोणी कागद हातात घेऊन घुटमळताना दिसला तर आपणहून विचारा.

दुसरे, प्लेटलेट. त्या पाचच दिवस टिकतात, त्यामुळे वर्षातून एकदा शिबिर घेऊन भागत नाही. बोलावल्यावर येणारी माणसे लागतात. मंडपाच्या डाव्या बाजूला, प्रसादाच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे. नाव, रक्तगट, फोन आणि ड्यूटीची पाळी लिहा. रात्रपाळीवाल्यांनी पाळी ठळक लिहावी, म्हणजे झोपेत फोन जाणार नाही. जोशीकाकूंनी विचारले आहे की घरातली एक खोली अधूनमधून देता येईल का. काकू, त्यासाठी वहीचे शेवटचे पान रिकामे ठेवले आहे.