शस्त्र आणि संवाद

ज्यांच्या हातांना रक्त लागले आहे त्यांच्याशी राज्यकर्त्यांनी बोलणी करावीत काय? हा प्रश्न निघताच मनात दोन विचार उभे राहतात. मारेकऱ्याला मानाने समोर बसवले, तर उद्या दुसराही शस्त्र उचलील. आणि बोलणेच टाकले, तर माणसे मरायची थांबणार कशी? दोन्ही शंका खऱ्या आहेत. म्हणून आपल्याच देशातील एका अनुभवाकडे वळू.

मिझो टेकड्या पूर्वी आसामचा एक जिल्हा होत्या. १९५९ च्या सुमारास तेथे बांबू फुलला, उंदीर बेसुमार वाढले आणि त्यांनी उभी पिके फस्त केली. त्या दुष्काळात सरकारने आपल्याला वाऱ्यावर सोडले, ही भावना लोकांत रुजली. दुष्काळनिवारणासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच लालडेंगांची मिझो नॅशनल फ्रंट निघाली आणि १ मार्च १९६६ रोजी तिने स्वातंत्र्य पुकारले. ऐझॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले. पुढे खेडीच्या खेडी उठवून पहाऱ्यातील वस्त्यांत आणून बसवली. १९७५ मध्ये ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात शिरून बंडखोरांनी तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना ठार मारले.

१९७६ चा समझोता टिकला नाही. तरीही बोलणी पुन्हा सुरू झाली आणि ३० जून १९८६ रोजी लालडेंगा व केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या करारावर सह्या झाल्या. फ्रंटने शस्त्रे खाली ठेवून राज्यघटना मानावी. केंद्राने मिझोरमला घटक राज्याचा दर्जा द्यावा आणि तेथील रूढी व जमीन यांना घटनेचे संरक्षण द्यावे, असे ठरले. निवडून आलेले मुख्यमंत्री लालथनहवला यांनी लालडेंगांसाठी आपले पद सोडले व स्वतः उपमुख्यमंत्री झाले.

मात्र प्रत्येक करार शांतता आणतोच असे नाही. १९७५ चा शिलाँग करार साऱ्या नागा बंडखोरांनी मानला नाही. १९८० मध्ये त्यातूनच नवी सशस्त्र संघटना उभी राहिली. तेव्हा समोरच्याचा शब्द त्याचे सारे सहकारी पाळतील काय, हे आधी पारखले पाहिजे. बोलायला बसणे म्हणजे मागणी मान्य करणे नव्हे. मर्यादा स्पष्ट असेल, तर बोलण्याने राज्य दुबळे होत नाही.

एक सल मात्र उरते. ज्यांची माणसे गोळीला बळी पडली, मग ती कोणाचीही असो, त्यांना करारात न्याय मिळत नाही. शांततेची किंमत तेच मुकाट्याने भरतात. त्यांची आठवण न ठेवता सह्यांचा सोहळा करणे अशोभनीय आहे.

१९८८ मध्ये लालडेंगांचे सरकार पडले आणि १९८९ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. पण तो पक्ष पुन्हा जंगलात गेला नाही. नऊ वर्षे थांबून, १९९८ मध्ये मते मागूनच तो सत्तेवर आला. तो करार खरा ठरला, तो या पराभवाच्या दिवशी.